क्रीटला न आलेल्या रत्नास

रत्ने, शेवटी नाहीच आलीस ना!

मला ठाऊकच होतं. दर वर्षी ऐनवेळी तुझं काहीतरी निघायचं, यंदाही निघालं. फक्त या वेळी कारण असं काढलंस की पुढे बोलायची सोयच ठेवली नाहीस. एरवी निदान तुझ्या दारात येऊन मी भांडत तरी होते. तू आतून चहाचं आधण ठेवत म्हणायचीस, "होऊ दे तुह्यं बोलून, मग बस." आता त्या दारात गेले तर तुझा निखिल बाहेर येतो आणि "मावशी, बसा" म्हणतो. त्याच्याशी काय भांडायचं? पोराचे डोळे रडून सुजलेत.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कोणी बोललंही नाही. आपले जुने मुख्याध्यापक काठी टेकत उठले आणि म्हणाले, रत्नाबाईंनी आयुष्यात कोणाचं मन दुखावलं नाही. मी पुढच्याच रांगेत होते. उठून विचारणार होते, "सर, मग मी कोण?" पण बाजूच्या बाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांना वाटलं, मला हुंदका आवरत नाही. मला राग आवरत नव्हता, आणि तो अजून आवरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तू गणिताची, मी भूगोलाची. एकच शाळा, एकच स्टाफरूम, खिडकीखालचं एकच टेबल. भूमध्य सागरी हवामान मी नोकरीभर शिकवलं. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, फळं लिंबूवर्गीय. फळ्यावरच्या नकाशात ग्रीसच्या खाली भेंडीसारखं आडवं पडलेलं ते बेट दाखवताना माझी छडी तिथे जरा जास्तच थांबायची, हे वर्गातल्या पोरींनाही कळलं होतं. चारी बाजूंनी समुद्र सारखाच लांब असलेल्या गावात जन्म काढलेली बाई मी. एकदा पेपर तपासता तपासता तुला म्हटलं, रिटायर झाल्यावर क्रीटला जायचं, किनाऱ्यावर नुसतं बसायचं, पाणी पाहायचं, दुसरं काही करायचं नाही. तू मान वर न करता म्हणालीस, "चाल, जाऊ."

इतक्या पटकन हो म्हणालीस, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

त्यानंतर आपण त्या सहलीवर जितकं भांडलो, तितकं नवरा-बायको संसारावर भांडत नाहीत. तुझं पहिलं म्हणणं, नुसतं बसायचं तर इतक्या दूर काहून? "बसाले माह्या घरचा ओटा काय वाईट आहे वं? पाणीच पायाचं असन तं अंबाझरीच्या तलावाले चाल, संध्याकाळच्या आत घरी." मी सांगितलं, तिथे संत्र्यांच्या बागा आहेत, ऑलिव्हचे डोंगर आहेत. त्यावर तू स्टाफरूमभर ऐकू जाईल अशी हसलीस. "काटोलची पोरगी तू! बापाच्या बागेत जन्मली, अन् संत्री पायाले विमानात बसून राहिली!" दुसरं म्हणणं, जायचंच तर मराठी टूर कंपनीबरोबर जाऊ, वरणभात तरी मिळेल. मी म्हटलं, बस थांबली की उतरा, शिट्टी वाजली की चढा, हे मी शाळेच्या सहलीत पुरेसं केलंय. तर तू छोटा कुकर, तिखटाचा डबा आणि कुरडया घेऊन निघायची भाषा करायला लागलीस. तिथल्या हॉटेलात कुरडया तळायला कढई कोण देणार, यावर आपण एक अख्खा रविवार घालवला. तो वाद अजून मिटलेला नाही. तुझ्या मते मागितल्यावर कोणीही देतं.

पण खरं भांडण महिन्यावरून होतं. ऑक्टोबर. मी तुला शंभरदा समजावलं की पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, म्हणून ऑक्टोबरात तिथला समुद्र अंगाला उबदार लागतो. उन्हाळ्यात गर्दी, हिवाळ्यात पाऊस. आणि मे महिन्यात तुझ्याकडे निखिलची पोरं, वाळवणं, पाण्याच्या टाकीच्या कटकटी. उरला ऑक्टोबर. आणि ऑक्टोबर तुझा कधी नव्हताच.

तुझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांच्या एका खोलीत अख्खं गाव उतरलं होतं. तेव्हापासून दसऱ्याच्या आठवड्यात तुमच्या दाराला कुलूप लागत नाही. नंदनवन कॉलनीत घर बांधलं तेव्हाही सासऱ्यांनी तुला एवढंच सांगितलं होतं, दीक्षाभूमीवर येणारं माणूस दारावरून परत जाता कामा नये. मग काय! गच्चीवर सतरंज्या, अंगणात चूल, मोरीपुढे रांग, आणि परातीत कणकेचा डोंगर. भंडाऱ्याकडचे तुमचे लोक, त्यांच्या ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे. तो दिवस माझ्या घरचा नव्हे. आमच्याकडे दसऱ्याला अवजारं पुजतात आणि सोनं वाटतात. पण सोनं वाटायला मी कधी काटोलला पोचलेच नाही, कारण मी तुझ्या अंगणात वांगी चिरत असायची. त्या गर्दीतल्या म्हाताऱ्या मला नावानं ओळखतात. एकीनं तर मला विचारलं होतं, "तुम्ही रत्नाच्या कोण?" तू मध्येच म्हणालीस, "दुश्मन आहे माही. वांगे चांगले चिरते म्हणून ठेवली."

त्या दिवसाबद्दल माझी तक्रार नाही, रत्ने, कधीच नव्हती. तक्रार तुझी आहे. तू उन्हाळ्यात हो म्हणायचीस, पोळ्याला हो म्हणायचीस, गणपती गेले की मोठ्या जावेचं निमित्त काढून हळूच सांगायचीस, "यंदा नाई जमत वं. अक्काचा गुडघा दुखून राहिला. लोकं येतीन, कोण पाहीन?" सरळ नाही म्हणाली असतीस तर मी एकटी गेले असते किंवा बेट विसरून गेले असते. तू मला ना जाऊ दिलंस, ना विसरू दिलंस.

यंदा मात्र तुझी चाल वेगळी होती. उन्हाळा संपायच्या आतच तू स्वतःहून म्हणालीस, "काढ तिकिटं." मी काढली. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला आपण मुंबईला गेलो, तर तुझे ठसेच उमटेनात. तिथल्या मुलीनं बोटं पुसून पुन्हा पुन्हा दाबायला लावली. तू तिला म्हणालीस, "बेटा, सगळे फळ्यावर घासले गेले." ठसे उमटले, व्हिसाही आला. तरी माझा विश्वास बसत नव्हता. म्हणून मी तुला जरीपटक्याच्या बाजारात खरेदीला ओढत नेलं. माणूस एकदा बॅग घेतं म्हणजे जातं, अशी माझी समजूत.

त्या दुकानातली दुपार आठवते? समुद्रात उतरायचा पोशाख मागितल्यावर दुकानदारानं आपल्याला वर-खाली पाहिलं आणि मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा एक काळा प्रकार काढला. "आंटी, ये फुल स्लीव है, आपकी एज में यही अच्छा लगता है." तू तो अंगाला लावून आरशात पाहिलंस. "भैया, ये पहन के मैं डूब गई ना, तो लोग समझेंगे रबर का ट्यूब बह गया." तो इतका हसला की त्यानं स्टुलावर बसकण मारली. तू तो घेतलास. निळी बॅग घेतलीस. परत येताना रिक्षात ती बॅग मांडीवर धरून बसलीस, खाली ठेवायला तयार नाही. मला त्या दिवशी वाटलं, येते वाटतं ही. मला त्या आनंदाचाही आता संताप येतो.

कारण आषाढातली ती सकाळ. मी विम्याचे कागद दाखवायला तुझ्याकडे आले, तर तू आतल्या खोलीत फोनवर. पाठ माझ्याकडे. "हो, हो, सगळ्याइले सांग. दार उघडंच राहीन. या ना सगळे!"

मी तिथेच पेटले. तू फोन ठेवून वळलीस आणि मी सुरू झाले. काय काय बोलले ते तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही. एवढंच लिहिते की एकही शब्द मागे घ्यायचा माझा विचार नव्हता. "तू नाई येत, रत्ने. तुले कधी यायचंच नव्हतं. इतके वर्षं माही मजा पाहून राहिली तू." तू रागावली नाहीस. तोंडाला पदर लावलास, डोळे बारीक केलेस आणि म्हणालीस, "पाहशील."

ते "पाहशील" मी ओळखायला हवं होतं! जन्मभर तू मला त्याच एका शब्दानं छळलंस. बातमी तुझ्याकडे असायची आणि तू ती लिमलेटच्या गोळीसारखी गालात धरून ठेवायचीस. उन्हामुळे शाळा लवकर बंद होणार हे तुला ऑफिसात सकाळीच कळायचं, आणि मी घाम पुसत "आज या वह्या संपवल्याच पाहिजेत" म्हणून मान मोडत असायची. तू समोर बसून पाहायचीस. शेवटची घंटा झाली, शेवटची वही संपली, की म्हणायचीस, "कुंदे, उद्यापासून सुट्टी." मी पर्यवेक्षिका झाल्याची ऑर्डर तू पर्समध्ये घेऊन दिवसभर फिरलीस. आधी मला समोसे आणायला लावलेस, ते खाल्लेस, हात पुसलेस, मग ती माझ्यापुढे ठेवलीस. म्हणे, "तुह्यं तोंड पायाचं होतं मले." इतकी मजा येते का माणसाचं तोंड पाहण्यात?

त्या भांडणानंतर मी बोलणं बंद केलं. तू बंद केलं नाहीस. भाजी आणायला जाताना माझ्या गॅलरीखाली थांबून ओरडायचीस, "कुंदे, बॅग भरली का?" मी आत निघून जायची. तू हसत पुढे जायचीस. तेव्हा एका वाक्यानं काम झालं असतं. मला वर येऊन सांगायला तुला जिना जड होता का?

आणि मग तो गुरुवार. सकाळपासून छातीत कळ येत होती म्हणे तुला. तू ओवा चावलास. कपडे वाळत घातलेस. दुपारी शेजाऱ्यांनी तुला धंतोलीच्या दवाखान्यात नेलं, तिथेही तू डॉक्टरांना आंबट ढेकरांचं सांगत होतीस. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मला फोन आला तो हैदराबादहून, निखिलचा. "मावशी, तुम्ही कुठे आहात? आई गेली." मी घरीच होते, रत्ने. शेंगा निवडत होते. ही बातमीसुद्धा तू माझ्यापासून लपवलीस.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा शाळा सुटल्यावर रोज माझ्या घरी येऊन तिला आंघोळ कोण घालायचं? तू. तिची नखं काढायचीस, वेणी घालायचीस, तिला वर्गातल्या पोरींच्या चहाड्या सांगायचीस. मी एकदा आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणालीस, "चूप बस, म्हातारीची अन् माही मजा चालू आहे, तू मंधात नको येऊ." माझ्या आईला तू आंघोळ घालू शकतेस आणि तुझ्या छातीत दुखतं हे मला सांगू शकत नाहीस? हा कुठला हिशेब, गणिताच्या बाई? मला तुझी भयंकर आठवण येते. दुपारी चारला चहा टाकताना हात आपोआप दुसऱ्या कपाकडे जातो, आणि मी तो कप आपटून ठेवते. एकाचा कान त्यातच उडाला.

पण या लिहिण्याचं खरं कारण अजून पुढेच आहे. पुण्यानुमोदन झालं, भोजन झालं, पाहुणे पांगले. मी मागच्या मोरीवर कप विसळत होते. तुझी मोठी जाऊ, शेवंताक्का, गुडघ्यावर हात दाबत पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "कुंदाबाई, मग तुम्ही कवा जाऊन राहिल्या?"

"कुठं?"

"त्या बेटावर, अजून कुठं!"

मी म्हटलं, "आता कोण जाते, अक्का? अन् तिले तरी कुठं यायचं होतं?"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच बोलले. "असं कसं म्हणता बाई? तिनं तं मले आखाडातच फोन केला होता. म्हणे, अक्का, यंदा तू आठ दिस पयलेच ये. घर तुह्या हवाली. सगळ्याइले सांग, दार उघडंच राहीन, पण चुलीपाशी मी नाई, तू. मी कुंदीसंग जाऊन राहिली. माह्या गुडघ्याचं म्हटलं तं म्हणे, चार पोरी लाव कामाले, तू बसून हुकूम सोड. दोन दिस मी हो म्हटलं नाई, तं रोज फोन!"

हातातला कप तसाच नळाखाली भरून वाहत राहिला. मी विचारलं, "मग मले काहून नाई सांगितलं?"

"ते बी म्हटलं मी. तं म्हणे, तिले सांगू नको वं अक्का. विमान वर गेलं का सांगन. तिचं तोंड पायाचं आहे मले."

रत्ने. विमान वर गेल्यावर!

म्हणजे मी दारात उभी राहून ऐकला तो हाच फोन. मी तुला नको नको ते बोलत होते, तेव्हा तू पदराआड हसू दाबत होतीस. गॅलरीखालून बॅग भरली का विचारत होतीस ते खरंच विचारत होतीस. सासऱ्यांचं दार तू पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती सोपवलंस, तेही माझ्या नुसतं बसण्यासाठी, जे तुला कधी पटलंच नव्हतं. आणि हे तू मला सांगितलं नाहीस, कारण तुला माझं तोंड पाहायचं होतं. घे, पाहा आता. मोरीवर उभी राहून मी अशी रडले की अक्कांना उठून नळ बंद करावा लागला. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. ही एकच बातमी जरा लवकर सांगितली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं? मनात ठरलंच होतं, तर रिक्षातच सांगायचीस, त्या निळ्या बॅगेवर हात ठेवून. त्यानंतरचे सगळे दिवस आपण बोललो असतो. कुरडयांवरून भांडलो असतो. ते दिवस तू वाया घालवलेस, आणि त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. एवढ्यात करणारही नाही.

निखिल म्हणतो, "मावशी, नका जाऊ एकट्या, पुढच्या वर्षी आम्ही नेतो." मी त्याला नाही म्हटलं. तुमच्या घरच्यांच्या पुढच्या वर्षांवर मी पुरेशी विसंबून राहिले.

मी जाते आहे. शेवंताक्का कबूल केल्याप्रमाणे आठवडाभर आधीच येणार आहेत. वांगी कोण चिरणार याची व्यवस्था मी लावली आहे, तू काळजी करू नकोस. दार उघडं राहील. निखिलकडून तुझी निळी बॅग मागून घेतली, माझ्या बॅगेचं चाक नाहीतरी तुटलं होतं. उघडली तर आत तो काळा रबरी प्रकार, किमतीच्या चिठ्ठीसकट तसाच, आणि एका डब्यात कुरडया. खिडकीची जागा मी घेणार. ती तुला हवी होती, माहीत आहे मला. तिथे गेल्यावर हॉटेलात कढई मागणार, देतात का ते पाहणार. मग जाऊन किनाऱ्यावर बसणार, नुसती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

आणि पाणी कसं होतं, उबदार होतं की नाही, कढई मिळाली की नाही, ते तुला एका अक्षरानं सांगणार नाही. आता ही बातमी माझ्याकडे राहील. तू विचारत राहा. कधीतरी भेटू तेव्हा तुला आधी समोसे आणायला लावीन, ते खाईन, हात पुसीन. मग पाहशील.